एकेचाळीस नंबरची पिल्लं

एकेचाळीस नंबरला पिल्लं झाली. एक नाही, दोन नाही, चांगली सात. लॅबचे उंदीर सांभाळणाऱ्या मावशींनी सकाळी पिंजऱ्याचं झाकण उचललं, भुशात वळवळणारे गुलाबी जीव मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले, आणि गुडघे दुखतात म्हणून एरवी लिफ्टची वाट बघत बसणाऱ्या मावशी दोन मजले जिने चढून धापा टाकत लॅबमध्ये आल्या.

"मॅडम, तुमच्या ब्रह्मचाऱ्याने दिवे लावले!"

ब्रह्मचारी हे त्या उंदरांचं लॅबमधलं नाव. त्यांच्या एका जीनमध्ये मुद्दाम बिघाड केलेला होता. दिसायला धट्टेकट्टे, खायला पुढे, मादीजवळ सोडलं तर संसारही अगदी रीतसर करायचे. फक्त पाळणा हलत नसे. त्यांच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुरुवात होई आणि अर्ध्या वाटेवर पेशी मरून जात. ज्यांच्यात बिघाड नव्हता त्यांना सगळे गृहस्थ म्हणत. मॅडम तीन वर्षं या मरणाऱ्या पेशींच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. बारा ब्रह्मचाऱ्यांना त्या रोज एक औषध पाजत होत्या. अकरा जणांवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नव्हता. आणि आता बाराव्याला सात पिल्लं.

मॅडमनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा करून दिला. एरवी त्यांना चहाची पूड कुठल्या डब्यात असते हेसुद्धा माहीत नसे. त्या गडबडीत एक माणूस बाथरूममध्ये गेला, आतून कडी लावली, नळ सोडला आणि पोटभर रडला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या माणसाला सगळे पापुद्रे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. उंदराचं वृषण मेणाच्या वडीत बसवायचं, त्या वडीचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि मॅडमपुढे स्लाइड ठेवायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. असा पापुद्रा दुसऱ्या कुणाच्या बापाला जमत नसे, म्हणून पापुद्रे. पगाराचा दिवस सोडला तर त्याचं खरं आडनाव कुणाला आठवतही नसे.

त्याच्या रडण्याचं कारण स्लाइडच्या पेटीत शेवटच्या खाचेत होतं. तिथे नव्याण्णव नंबरची एक स्लाइड होती. नव्याण्णव नंबरचा उंदीर मात्र लॅबमध्ये कधी नव्हताच. ती स्लाइड त्याची स्वतःची होती.

लग्नाला साडेसहा वर्षं झाली तरी मूल नाही, तेव्हा बायकोच्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेला. रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा आकडा आला तो शून्य. तिथल्या डॉक्टरांनी मग वृषणाच्या आतल्या मांसाचा कणभर तुकडा काढून तपासला, आणि याने त्यांच्याकडून त्याची एक स्लाइड मागून आणली. दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्याने ती स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली धरली. समजायला कुणाची गरज नव्हती. असलं चित्र तो रोज बघत होता. वृषणातल्या नळ्यांच्या कडेची ओळ ठीक, मधल्या पेशी आक्रसून काळ्या पडलेल्या, आणि नळीच्या पोटात जिथे शुक्राणूंच्या शेपट्यांचं जावळ दिसायला हवं तिथे नुसती पोकळी. तो स्वतःच एक ब्रह्मचारी होता.

त्या तपासणीत दोन टाके पडले होते. बायकोला त्याने सांगितलं, सायकलवरून पडलो, दांडा लागला. तिने आठवडाभर त्याला वाकू दिलं नाही, जड उचलू दिलं नाही, आणि शेवटी ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. "माणसापेक्षा सायकल मोठी नाही," असं ती वर म्हणाली. सायकलने बिचारीने काही केलं नव्हतं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचा रिपोर्ट?"

"नॉर्मल आहे," तो म्हणून गेला. "कागद घरी राहिला."

"राहू द्या. तुम्ही याच क्षेत्रातले, तुमचा शब्द पुरे." आणि त्यांनी फाइलमध्ये लिहून टाकलं, पती: नॉर्मल.

दोन शब्द. त्या दोन शब्दांपायी त्याच्या बायकोने दीड वर्ष काय काय सोसलं याची मोजदाद नको. गोळ्यांनी तिचं तोंड सुजे, इंजेक्शनांनी दंड काळेनिळे होत. वर सासूचे टोमणे होतेच. त्याची आई तशी वाईट बाई नव्हती. पण जिभेला हाड नाही म्हणतात तशातली. "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही," हे वाक्य ती मीठ वाढावं तितक्या सहज वाढायची. आणि हा पठ्ठ्या ताटात बघत मूग गिळून जेवत असायचा. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. लाज खूप वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

पिल्लं झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र सगळं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. बायको भांडी पुसत होती. तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय." तिने फडकं खाली ठेवलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरात आली आणि तो म्हणाला, "उद्या सांगतो." आणि उद्या उजाडला तो सात पिल्लं घेऊन.

औषध लागू पडतंय! आज उंदराला, उद्या माणसाला. वर्ष लागेल, दोन लागतील, पण मग कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. नळ सोडून तो रडला तो या आनंदाने. आणि दोनच दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता दुर्बीण घालून आत बघायला हवं, भूल द्यावी लागेल, कुठे काही चिकटलेलं असलं तर तिथल्या तिथे सोडवून टाकू. तेव्हा या गृहस्थाने, गृहस्थ कसला, कागदावर सही केली. छोटंसंच तर ऑपरेशन आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका गोडबोल्या कोणी नसतो.

ते ऑपरेशन आज होतं, दुपारी दोनला. आणि आजच बाराला मॅडमचं काम बघायला बाहेरून समिती येणार होती. त्याने सकाळी बायकोला नि आईला हॉस्पिटलात सोडलं. आईसमोर बायको त्याला अहो-जाहो करायची. "तुम्ही जा कामाला, मी काही पळून जात नाही," असं ती हसत म्हणाली. मग आई पाण्याची बाटली भरायला वळली तशी तिने त्याची बाही धरली. "दोनच्या आत ये. मला भुलीची भीती वाटते रे." तिचा हात गार पडला होता.

अकराच्या सुमाराला तो लॅबमध्ये समितीला दाखवायच्या स्लाइड्स ओळीने लावत होता. मावशी एकेचाळीसचा पिंजरा वर घेऊन आल्या, फडक्याने झाकलेला. दुसऱ्या पिंजऱ्यात मादी आणि पिल्लं होती. नऊ दिवसांत त्यांच्या अंगावर लव आली होती. मावशी खुशीत होत्या. आज त्यांनी ठेवणीतला चष्मा लावला होता.

"हा बघा नवरदेव," त्यांनी फडकं बाजूला केलं. "आणि तुमच्या हातून केवढा घोटाळा झाला असता, माहीत आहे का?"

"माझ्या?"

"नाहीतर काय! माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मी महिनाभर सुट्टीवर होते, तेव्हा तुम्ही उंदीर सांभाळलेत ना? परत येऊन बघते तर चौदा नंबर एकेचाळीसच्या पिंजऱ्यात, आणि एकेचाळीस चौदाच्या! भुसा बदलताना अदलाबदल केलीत तुम्ही. मी कानावरच्या खुणा बघितल्या म्हणून बरं. ज्याला त्याला आपापल्या पिंजऱ्यात घातलं आणि गप्प बसले. म्हटलं, मॅडमना कळलं तर उगाच तुम्हाला बोलणी बसतील."

पापुद्रेच्या हातात एक स्लाइड होती. ती त्याने हळूच टेबलावर ठेवली.

"मावशी, मी अदलाबदल केली नव्हती. एका वेळी एकच पिंजरा उघडायचो मी."

"मग काय उंदीर चालत गेले?"

पापुद्रे पिंजऱ्यावरच्या कार्डाकडे बघत राहिला. त्या महिन्यात त्याने पिंजरे बदलले नव्हते, पण दुसरं एक काम केलं होतं. कानाला पाडलेल्या खाचा हीच उंदराची ओळख. डाव्या कानाच्या खाचा म्हणजे दशक, उजव्या कानाच्या म्हणजे एकक. चौदा आणि एकेचाळीस या दोघांच्या खाचा भरून आल्या होत्या, कधी कधी येतात तशा. दोघांचे पिंजरे वेगळे, वर नंबरची कार्डं. तेव्हा ओळखीचा प्रश्न नव्हता. त्याने कार्ड बघून दोघांच्या कानांना नव्याने खाचा पाडल्या होत्या.

"मावशी, डावा कान म्हणजे कुणाचा डावा?"

"उंदराचा! आणखी कुणाचा? तोंड पलीकडे करून धरायचा, म्हणजे त्याचा डावा तो आपला डावा." मावशी हसल्या. "एवढी वर्षं इथे काढून हे विचारताय?"

त्याने पिंजऱ्यात हात घालून उंदीर उचलला. हाताने उचलला तसा उचलू दिला, काही विचार केला नाही. उंदराचं तोंड त्याच्याकडे होतं. मिश्या थरथरत होत्या. वीस वर्षं ज्या माणसाने मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून काढली त्याच्या हाताचं डावं-उजवं कधीच उलटं झालेलं असतं. आत सगळं उलटं दिसतं; चित्र डावीकडे न्यायचं तर स्लाइड उजवीकडे सरकवायची. त्याचा हात डोक्याला न विचारता उजवं ते डावं करायचा. त्याने तोंड आपल्याकडे धरून, समोर दिसेल त्या बाजूने खाचा पाडल्या होत्या. चौदाच्या कानावर एकेचाळीस. एकेचाळीसच्या कानावर चौदा.

म्हणजे तेव्हा पिंजरे बरोबर होते आणि कान चुकीचे. मावशींनी कान बघून पिंजरे चुकवले. तीन महिने औषध पीत होता तो हा, मुळातला चौदा, पक्का गृहस्थ. त्याला पिल्लं झाली यात औषधाचं काय कौतुक? औषध नसतं पाजलं तरी झालीच असती.

"काय झालं हो? तुमच्या तोंडचं पाणी पळालं," मावशी म्हणाल्या.

"मावशी, खाली जाऊन चहाचं बघता का? समितीचा."

त्या गेल्या. त्याने उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि घाईघाईने खालचा खण ओढला. खराब स्लाइड्स तो तिथे टाकायचा. मागच्या आठवड्यात औषधाशिवायचा उंदीर म्हणून चौदा नंबरला मारून त्याच्या स्लाइड्स केल्या होत्या आणि त्या वाईट निघाल्या होत्या. मधल्या पेशी मेलेल्या, नळ्या रिकाम्या. तेव्हा त्याने स्वतःलाच बोल लावला होता. तुकडा औषधी पाण्यात टाकायला उशीर झाला, सडला असेल, असं म्हणून त्याने दुसऱ्या गृहस्थाच्या स्लाइड्स करून दिल्या होत्या. आता त्याने तीच टाकून दिलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली.

सडलं असतं तर कडेची ओळही सुटली असती. कडेची ओळ शाबूत होती. मेल्या होत्या त्या फक्त मधल्या पेशी. चौदा म्हणून मारला गेला तो खरा एकेचाळीस होता.

शेजारी दुसरा मायक्रोस्कोप होता. त्याने पेटीतली शेवटच्या खाचेतली स्लाइड काढून त्याच्याखाली सरकवली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग पुन्हा इकडे. एक उंदीर, एक माणूस. फरक सांगायचा तर नळ्यांच्या जाडीचा. मरण दोघांचं एकच होतं आणि त्यावर अजून कुठेही औषध नव्हतं.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

आता यातली गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की हे कुणालाही कळणार नव्हतं. मावशींनी पिंजरे नीट केले होते, त्यांच्या मते. मॅडमच्या वहीत सगळं जुळत होतं. शेपटीचं टोक कापून त्यातला जीन पुन्हा तपासला तर एका दिवसात खरं-खोटं झालं असतं, पण सात पिल्लं डोळ्यांसमोर असताना बापाची शेपटी तपासायला कोण जाणार? त्याने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. त्यात तो तरबेज होता. समिती खूश होईल, काम पुढे जाईल, आणि त्यालाही अजून वर्ष-दोन वर्षं आशेवर काढता येतील. खोटी तर खोटी.

आणि बायको दोन वाजता आत जाईल. तिच्या पोटाला तीन भोकं पाडतील. जे तिच्यात नाही ते तिच्यात शोधतील.

त्याला स्वतःची शिसारी आली. अशी की त्याला खरोखरच बेसिनशी जावं लागलं. तोंड धुऊन तो वळला तर दारात मॅडम उभ्या होत्या. नवीन कोट, हातात कागद, चेहऱ्यावर नऊ दिवसांचा आनंद.

"पापुद्रे, झालं का तुमचं? ते लोक खाली आलेत."

"मॅडम, एकेचाळीस हा एकेचाळीस नाही."

त्यांना कळलं नाही. त्याने सांगितलं. कान, खाचा, मावशी, पिंजरे, सगळं एका दमात आणि बरंचसं मागेपुढे. दोष माझा, मावशींचा नाही, हे तीनदा सांगितलं. मॅडमचा चेहरा आधी वैतागलेला होता, मग पांढरा पडला.

"तुमची खात्री आहे?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बारा मिनिटं आहेत माझ्याकडे, पापुद्रे. खात्री नसेल तर आत्ता बोलू नका."

"चौदाची स्लाइड लावलीय. बघा."

त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. त्यांचा अंगठा चाकावर होता, पण चाक फिरत नव्हतं. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला. त्यात तीन वर्षं होती. सवयीने त्या शेजारच्या मायक्रोस्कोपकडे सरकल्या.

"आणि हा? हाही तसाच आहे. पण नळ्या जाड आहेत. कुठला हा? नव्याण्णव? आपल्याकडे नव्याण्णव नाही."

दीड वर्ष ही गोष्ट पापुद्रेने कुणाला, अगदी आरशालाही सांगितली नव्हती.

"उंदीर नाही तो, मॅडम. माझं आहे ते. माझ्या स्वतःचं."

मॅडमनी मान वर केली. खोलीत फक्त पिंजऱ्यातल्या चाकाचा आवाज होता. बाप झालेला चौदा नंबर त्यावर निवांत पळत होता.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"बायकोला?"

"तिला आज दोन वाजता ऑपरेशनला घेणार आहेत. तिच्यात दोष शोधायला. मी नॉर्मल आहे असं सांगितलंय मी."

त्या काहीतरी बोलणार होत्या; कठोरच असावं. ते त्यांनी गिळलं. त्यांनी नव्याण्णव नंबरची स्लाइड काढली, टिशू पेपरात गुंडाळली आणि त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात घातली.

"मग तुम्ही इथे काय करताय?" त्या म्हणाल्या. "समितीला काय सांगायचं ते माझं मी बघते. निघा."

टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने बायकोला फोन लावला. बंद. ऑपरेशनच्या आधी फोन काढून घेतात, हे त्याला आठवलं. आईला लावला. वाजत राहिला. आईचा फोन नेहमी पर्समध्ये तळाशी, त्यावर रुमाल, त्यावर चष्म्याची पेटी. हॉस्पिटलच्या नंबरवर लावला तर एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात कुठलं बटण कशासाठी ते सांगत राहिली. बारा वाजून वीस मिनिटं. पुढे पाइप टाकायला रस्ता खोदला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. दीडला त्याने टॅक्सी सोडली. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, वीस वर्षं स्टुलावर बसून काम केलेला माणूस तो. भर उन्हात पांढरा कोट फडफडवत पळू लागला. लोक वाट देत होते. डॉक्टर असेल बिचारा, कुणाचा तरी जीव वाचवायला चाललाय, असं त्यांना वाटलं असावं. खिशातली काच फुटू नये म्हणून त्याने एक हात छातीवर दाबून धरला होता.

तो वॉर्डात शिरला तेव्हा दोनला दहा कमी होते. बायको पलंगावर बसली होती, हिरवा झगा घालून, हाताच्या मागे सुई टोचलेली, केस टोपीत. आई शेजारच्या खुर्चीत. शेजारच्या पलंगावरची बाई आणि तिची बहीण संत्रं सोलत होत्या.

"आलात?" बायकोचा जीव भांड्यात पडला. "केवढे घामाघूम झालात. बसा आधी."

तो बसला नाही. बसला असता तर पुन्हा उद्यावर गेलं असतं.

"तुझ्यात काही दोष नाही," तो म्हणाला. "माझ्यात आहे. दीड वर्ष झालं, मला माहीत आहे. माझा रिपोर्ट शून्य आहे. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं."

आईच आधी बोलली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काय बोलतोयस? आणि हळू बोल, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत," बायको म्हणाली. तिने त्याच्यावरची नजर काढली नव्हती. आणि मग सासूच्या देखत, आठ वर्षांत पहिल्यांदा, ती त्याला अरे-तुरे बोलली. "मोठ्याने बोल तू. आठ वर्षं लोकांनी माझ्याबद्दलच ऐकलंय."

त्याने मोठ्याने सांगितलं. संत्रं सोलायचं थांबलं. त्याने खिशातली टिशूची पुडी काढून तिच्या हातात दिली. तिने काच खिडकीकडे धरली. मध्ये गुलाबी-जांभळा ठिपका, मोहरीएवढा.

"यात काय दिसतं?"

"मूल होण्यासाठी जे दिसायला हवं, ते नाही दिसत."

तिने काच बोटांत फिरवली. मग म्हणाली, "हे काढलं तेव्हा टाके पडले असतील."

"दोन."

"सायकल."

"पडलो नव्हतो मी."

तिचे ओठ थरथरले. इतका वेळ ती दगडासारखी बसली होती. सुया, गोळ्या, टोमणे यांनी जे झालं नाही ते त्या भंगारात गेलेल्या सायकलीने झालं. "मी तुला आठवडाभर वाकू दिलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या चपलासुद्धा मी पुढे आणून ठेवत होते."

त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं.

तेवढ्यात नर्स फाइल घेऊन आली. नाव, वय, कशाची ॲलर्जी, असं सगळं तिने वाचत नेलं आणि म्हणाली, "पती नॉर्मल."

"पेन द्या," बायको म्हणाली.

"सही झालीय ताई, आता काही नको."

"यांना द्या. यांचं अक्षर फार बारीक आणि सुंदर आहे. त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलंय ना ते, त्यांनाच खोडू द्या."

नर्सने तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि पेन पुढे केलं. वीस वर्षं नखाएवढ्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहिणाऱ्या हाताने त्याने पेन धरलं. त्याने नॉर्मल या शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, शून्य. खाली सही केली, पूर्ण आडनावासकट.

"आता ही सुई काढा," बायको नर्सला म्हणाली. "मला घरी जायचंय."

नर्स डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली. त्या आल्या, फाइल बघितली, त्याच्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता स्वतः सुई काढून बोळा लावून दिला. बायको पडद्यामागे गेली आणि स्वतःच्या कपड्यांत बाहेर आली. केस तिने तसेच बांधले. आई अजून खुर्चीत होती, तोंडात मारल्यासारखी. मग ती उठली. मुलाजवळून जाताना तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पलंगाखालची सुनेची पिशवी तिने उचलली आणि खांद्याला लावली. आठ वर्षांत तिने सुनेची पिशवी कधी उचलली नव्हती.

"मी घेते ना, आई," बायको म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. एवढंच. तिच्याच्याने पुढे बोलवेना.

दारातून बायको मागे वळली. ती काच अजून तिच्या मुठीत होती.

"तू संध्याकाळी ये. उशिरा ये. मला आधी रडून घ्यायचंय. आणि मग बोलायचंय. काय बोलेन ते मला अजून माहीत नाही."

त्या दोघी गेल्या. शेजारच्या पलंगावर कुणीतरी हळूच संत्र्याची साल पिशवीत टाकली. पापुद्रे त्या रिकाम्या पलंगाच्या कडेला बसला. चादर अजून कोमट होती. हिरवा झगा तिने घडी करून उशीवर ठेवला होता.

बरोबर दोन वाजता स्ट्रेचर आलं. ढकलणाऱ्या माणसाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने पलंगाचा नंबर बघितला, हातातला कागद बघितला, मग पांढरा कोट घालून बसलेल्या या घामेजल्या माणसाकडे बघितलं.

"डॉक्टर, इथला पेशंट कुठे आहे?"

"मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. "पेशंट मीच आहे."